माहितीसंग्रहाच्या दोन पद्धति

शाळेंतील विद्यार्थ्यांचे गुण, बँकेंतील ठेवी, आगगाडीचीं तिकिटें या सर्वांच्या नोंदी आज संगणकांत असतात. अशा नोंदींच्या संग्रहास डेटाबेस म्हणतात. त्याच्या दोन मुख्य पद्धतींतील भेद आमच्या वाचकांस सांगावा, असें आम्ही योजिलें आहे.

पहिली पद्धति रिलेशनल. तिची कल्पना आय्. बी. एम्. कंपनींतील संशोधक एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडिली. तींत माहिती कोष्टकांत ठेवितात. समजा, एका कोष्टकांत विद्यार्थ्याचा क्रमांक, नांव व पत्ता आहे. दुसऱ्यांत तोच क्रमांक व परीक्षेचे गुण. पत्ता एकाच ठिकाणीं असल्यामुळें तो बदलल्यास दुरुस्ती एकदांच करावी लागते. शिवाय एका खात्यांतून शंभर रुपये काढून दुसऱ्यांत घालावयाचे असल्यास दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाहीं, अशी हमी मिळते.

दुसरी पद्धति नोएस्क्यूएल या नांवानें ओळखिली जाते. तींत एका विद्यार्थ्याची सर्व माहिती जणूं एकाच गांठोड्यांत बांधून त्यावर ओळखीची चिठ्ठी लावितां येते. प्रत्येक गांठोड्यांत तींच सदरें असावीं, असा नियम नाहीं. गांठोडीं अनेक यंत्रांवर वांटितां येत असल्यामुळें लाखों ग्राहक एकदम आले तरी काम अडत नाहीं.

पण या सोयीचें मोल द्यावें लागतें. अ‍ॅमेझॉन कंपनीनें आपल्या डायनामो नामक संग्रहाचें वर्णन २००७ सालीं प्रसिद्ध केलें. ग्राहकाला टोपलींत वस्तु घालतांना कधींही अडथळा येऊं नये, हा त्याचा हेतु होता. म्हणून एकाच टोपलीच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेविल्या, व त्या कांहीं काळ परस्परांशीं न जुळल्या तरी चालेल, असें ठरविलें. परिणामीं, काढून टाकिलेली वस्तु क्वचित् टोपलींत पुन्हां दिसे. दुकानांत हें खपतें. ग्राहक ती पुन्हां काढूं शकतो. परंतु बँकेंतून काढिलेले पैसे खात्यांत पुन्हां दिसूं लागले, तर?

तेव्हां अमुकच पद्धति श्रेष्ठ, असें म्हणतां येत नाहीं. त्या परस्परांच्या जवळही येत आहेत. दुसऱ्या पद्धतीच्या मोंगोडीबी या संग्रहांत २०१८ पासून अनेक गांठोड्यांतील बदल एकत्रच करण्याची सोय झाली. विद्यार्थ्यांनीं इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, पद्धति निवडण्यापूर्वीं नोंद चुकल्यास कोणाचें किती नुकसान होईल, हें विचारावें. प्रत्येक नोंदीमागें कोणाची तरी कमाई किंवा कोणाचे तरी श्रम असतात.