मॉरिशसचे मराठी : मोजावे कसे?

एम. ए.ला मी मॉरिशसमधील मराठी समाज हा विषय घेतला आहे; त्यातील एकच अडचण येथे मांडतो. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर त्या बेटाकडे, उसाच्या मळ्यांसाठी गेले. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, त्याहून थोडे मुंबईहून. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज, सारे आहे. मातृभाषेचा रकाना मात्र नाही. मुंबई बंदर दिसले की माणूस मराठी, असे धरता येत नाही, कारण मुंबई इलाख्यात गुजराती आणि कानडी मुलूखही होता. जिल्हा पाहावा लागतो. रत्नागिरी असेल तर काम सोपे. पण कारकुनाने कानाने टिपलेले गाव ओळखायचे म्हणजे निम्मे संशोधन तेथेच!

जनगणनेचे उलट. २०११ साली तिने पूर्वजांची भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा असे दोन वेगळे प्रश्न विचारले. घरी बहुतेकांची क्रिओल. मग मराठी कोणाला म्हणावे? माझ्या मते पहिल्या प्रश्नाला ‘मराठी’ असे उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि घरी क्रिओल बोलणारी मंडळीही त्या दिवशी आरती मराठीतच म्हणतात.