तुरटी, तरफ आणि होंडुरासचे पाणी

पावसाळ्यातले गढूळ पाणी कसे निवळावे, हे तुमच्या आजीला विचारून पाहा. ती सांगेल, हंड्यात तुरटीचा खडा चार-दोन वेळा फिरवावा आणि हंडा झाकून ठेवावा. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. मग तिला आणखी एक प्रश्न विचारा. तुरटी नेमकी किती फिरवायची? बहुधा उत्तर येईल, "पाण्याकडे बघून."

या उत्तरात किती शास्त्र आहे हे समजण्यासाठी आपण थोडे दूर जाऊ या, मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशात.

होंडुरास हा डोंगराळ प्रदेश. तेथील कित्येक गावांना डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी नळाने येते. उतार असल्यामुळे पंप लागत नाही. कोरड्या दिवसांत हे पाणी नितळ दिसते, पण वर पाऊस झाला की त्याच नळातून चहासारखे पाणी येऊ लागते. त्यात नुसते क्लोरीन टाकून भागत नाही. मातीच्या कणांच्या आड रोगजंतू लपून राहतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून आधी गाळ काढला पाहिजे.

मग शहरात असते तसे जलशुद्धीकरण केंद्र तेथे का बांधू नये? अडचण अशी, की त्या केंद्रात मोटारी असतात, विजेवर चालणारी मोजयंत्रे असतात. खेड्यात वीज जाते. एखादा सुटा भाग मोडला तर तो परदेशातून मागवावा लागतो, आणि तेवढे पैसे गावाजवळ नसतात. मोठ्या थाटात उभारलेली अशी यंत्रे पुढे गंजत पडल्याची उदाहरणे जगात कमी नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी सगळेच चालते हो! खरी परीक्षा पाहुणे परत गेल्यावर होते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मन्रो वेबर-शर्क नावाचे प्राध्यापक होते. २००५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन एक उपक्रम सुरू केला. त्याचे नाव 'आग्वाक्लारा'. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'स्वच्छ पाणी'. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे, आराखडे तयार करायचे, आणि जानेवारीत काही जणांनी होंडुरासला जाऊन यायचे, असा क्रम ठरला. तुम्हांला वाटेल, ही मुले तेथे जाऊन विटा रचत असतील. तसे नाही. बांधकाम पाहते 'आग्वा पारा एल पुएब्लो' ही तिथलीच संस्था. गावाची पाणी समिती केंद्र चालवते आणि घराघरातून पाणीपट्टी गोळा करते. विद्यार्थी जातात ते पाहायला आणि विचारायला : कोणती झडप अडकते? पावसात काय होते? उत्तरे घेऊन ते प्रयोगशाळेत परततात.

त्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली. केंद्रात वीज वापरायची नाही, सारे काम गुरुत्वाकर्षणाने झाले पाहिजे, आणि मोडले तर गावातल्या माणसाला दुरुस्त करता आले पाहिजे. अट ऐकून काम सोपे झाले असे वाटते. प्रत्यक्षात ते कितीतरी अवघड झाले.

मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. समान भारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यात गेले की त्याचा चिकट साका तयार होतो. तो कणांना चिकटतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. मात्रा कमी पडली तर पुंजके होत नाहीत. जास्त झाली तर पाणी आम्लधर्मी होते आणि पैसाही वाया जातो.

आता खरा पेच पाहा. हंड्यातले पाणी स्थिर असते, केंद्रातले वाहते असते. ते कधी कमी येते, कधी जास्त. येणारे पाणी दुप्पट झाले तर तुरटीचे द्रावणही दुप्पट पडले पाहिजे. विजेविना हे कसे साधावे?

विचार असा सुचतो, की पाणी आत येते त्या टाकीत एक तरंगी ठेवावी. ती तरफेच्या एका टोकाला बांधावी. पाणी चढले की तरंगी वर जाईल, तरफेचे दुसरे टोक खाली येईल, आणि त्या टोकाला लावलेल्या नळीतून द्रावण अधिक पडेल. छान! पण येथे एक खोच आहे. ती स्वतः पाहा. पत्र्याच्या उंच डब्याला तळाशी एक भोक पाडा. डब्यात पाण्याची उंची ५ सेंटिमीटर कायम राहील अशा बेताने वरून पाणी ओतत राहा आणि एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजा. नंतर उंची २० सेंटिमीटर ठेवून पुन्हा मोजा. उंची चौपट झाली, पण पाणी पडेल जेमतेम दुप्पट. भोकातून पडणारे पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे टाकीला साधे भोक असेल, तर पाणी दुप्पट होताना तरंगी चौपट वर चढेल आणि तुरटीही चौपट पडेल!

यावर योजलेला उपाय मला फार आवडतो. टाकीत एक उभा नळ बसवायचा आणि त्याला एकावर एक रांगांत भोके पाडायची : खाली जास्त, वर जाऊ तसतशी कमी. भोके मोजून-मापून पाडली, की नळात शिरणारे पाणी टाकीतल्या उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. दुसऱ्या बाजूला द्रावण लांब, बारीक नळ्यांतून संथपणे वाहू द्यायचे, कारण संथ प्रवाह हा उंचीतल्या फरकाच्या सरळ प्रमाणात असतो. दोन्हीकडे सरळ प्रमाण आणि मध्ये एक तरफ! नळाला भोके पाडायला ड्रिल पुरते.

पुढे पाणी उभ्या पडद्यांमधून वरखाली वळणे घेत जाते, त्यात पुंजके वाढतात. नंतर तिरप्या पत्र्यांच्या टाकीत ते खाली बसतात. पहिल्या काही वर्षांत या केंद्रांना वाळूची गाळणी मात्र नव्हती. गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते, तो प्रवाह गाळतानाच्या सुमारे सहापट वेगवान असावा लागतो, आणि त्यासाठी पंप आलाच. विद्यार्थ्यांनी वाळूचे सहा थर एकावर एक रचले. गाळताना पाणी सहा थरांत वाटले जाते. धुताना खालचे एक तोंड सोडून बाकीची तोंडे बंद करायची, म्हणजे सारे पाणी तळातून सहाही थरांमधून वर चढते आणि त्याचा वेग आपोआप सहापट होतो. अशी पहिली मोठी गाळणी २०११ मध्ये तामारा या गावी सुरू झाली.

तरफेला एक गोष्ट मात्र कळत नाही. पाणी किती आले हे तिला समजते, किती गढूळ आहे हे समजत नाही. म्हणून तिच्यावर खुणा केलेल्या आहेत आणि द्रावणाची नळी त्यांवरून मागेपुढे सरकवता येते. टाक्या वरून उघड्या असतात, पुंजके डोळ्यांनी दिसतात. डोंगरावर पाऊस कोसळू लागला की गावचा चालक टाकीच्या काठावर उभा राहतो, पाण्याकडे बघतो आणि नळी एक-दोन खुणा पुढे सरकवतो.