जन्मठेप झाली म्हणून फाइल बांधून ठेवू नका

माझ्या भावाच्या खुनात सेशन्स कोर्टाने 302 खाली जन्मठेप दिली, तेव्हा सरकारी वकील म्हणाले, "ताई, झालं तुमचं काम." आरोपीच्या अपिलाबद्दल पुढे आम्हाला कुणीच काही कळवलं नाही.

कळलं ते थेट आठवडी बाजारात. तो समोरून चालत आला. आईने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, पॅरोलवर असेल. चौकशी केली तर हायकोर्टात 302 चं 304 भाग दोन, म्हणजे खुनाचं सदोष मनुष्यवध झालेलं. अचानक पेटलेलं भांडण, पूर्वतयारी नाही, म्हणून भोगली तेवढी शिक्षा पुरे! अहो, कोयता तो घरून घेऊन आला होता. साक्षीत आलंय ते. तिथे हे ठासून कुणी सांगितलं? सरकारी वकिलांच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्ही पार्टी नाही."

हे साफ खोटं. लखीमपूर खेरी प्रकरणात 2022 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पीडिताच्या घरच्यांना प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडता येतं. म्हणून शिक्षा लागली की ई-कोर्ट्सवर आरोपीचं नाव टाकून अपील शोधत राहा. अपिलाची मुदत 60 दिवसांची, पण उशीर माफ होतो, नंतरही बघा. दिसलं की आपला वकील लावून हस्तक्षेप अर्ज करा.

दुसरं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 372 खाली (नव्या कायद्यात 413) आपल्याला अपील करता येतं ते आरोपी सुटला, हलक्या कलमात बसवला किंवा भरपाई कमी दिली तर. नुसती शिक्षा कमी वाटली तर नाही. ते अपील सरकारनेच करायचं. आणि कलम हायकोर्टानेच बदललं असेल, तर सुप्रीम कोर्टात घटनेच्या 136 खाली विशेष परवानगी मागावी लागते. मुदत 90 दिवस. नकलेचा अर्ज लगेच टाका. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अर्ज आईच्या, बायकोच्या नावाने करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कागद जपा, तब्येत जपा, नातेवाइकांच्या "आता सोडून द्या"कडे लक्ष देऊ नका.

आमचा अर्ज आईच्या नावाने दिल्लीत पडून आहे. आम्ही सोडणार नाही.