प्रिंट म्हणजे कागदच का? कमोडोर ६४ वरून एक पाठ



मुलांना 'प्रिंट' म्हटलं की कागदच आठवतो. त्यामुळे प्रिंटच्या खिडकीत 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' असं दिसलं की ती बुचकळ्यात पडतात. प्रिंट करायचंय की सेव्ह? हे उलगडून दाखवायला १९८२ सालचा कमोडोर ६४ हा घरगुती संगणक मला फार सोयीचा वाटतो, कारण त्यात काहीच झाकलेलं नाही.

या संगणकात प्रत्येक उपकरणाला क्रमांक असतो. पडदा ३, प्रिंटर ४, डिस्क ड्राइव्ह बहुधा ८. बेसिकमधला प्रोग्राम कागदावर हवा असेल तर (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप करायचं:

ओपन ४,४ : सीएमडी ४ : लिस्ट

'सीएमडी' म्हणजे पडद्यावर जाणारा मजकूर आता या वाटेने पाठव. प्रिंटर नसेल तर?

ओपन २,८,२,"पाढे,एस,डब्ल्यू" : सीएमडी २ : लिस्ट

इथला ८ बघा. पत्ता बदलला, 'लिस्ट' तीच राहिली! पहिला २ हा आपण फाईलला दिलेला क्रमांक, तिसरा आकडा ड्राइव्हमधल्या चॅनलचा. 'एस' म्हणजे क्रमाने लिहिलेली फाईल, 'डब्ल्यू' म्हणजे लिहिण्यासाठी.

आता पडदा गप्प बसतो. मुलांना वाटतं मशीन अडकलं. तसं नसतं, 'रेडी' हा शब्दसुद्धा फाईलमध्येच गेलेला असतो. शेवटी हे हवंच:

प्रिंट#२ : क्लोज २

प्रिंट#२ ने मजकुराची वाट पुन्हा पडद्याकडे वळते, क्लोजने फाईल नीट बंद होते. हे राहिलं तर डिस्कच्या यादीत त्या फाईलच्या प्रकाराआधी चांदणी दिसते, म्हणजे फाईल अर्धवट. मजकूर हातचा जाऊ शकतो.

मग साधं 'सेव्ह' का नको? 'सेव्ह' केलं की बेसिकचे शब्द एकेका बाइटच्या खुणा होऊन साठतात, दुसऱ्या संगणकाला ते कोडंच. लिस्टमधून आलेली फाईल मात्र वाचता येते. जुने प्रोग्राम आजच्या संगणकावर आणणाऱ्यांना ही युक्ती म्हणूनच उपयोगी पडते. फक्त लहान-मोठ्या लिपीत लिहिलेला मजकूर असेल तर अक्षरं उलटी, म्हणजे लहानाची मोठी दिसतात, कारण कमोडोरची अक्षरसंकेत पद्धत वेगळी आहे.

वर्गात संगणक नसला तरी चालेल. तीन मुलांना ३, ४, ८ असे क्रमांक द्या. ३ ने फळ्यावर लिहायचं, ४ ने कागदावर, ८ ने वहीत लिहून वही मिटायची. चौथ्याने दोनचा पाढा म्हणायचा आणि तुम्ही मध्येच क्रमांक पुकारायचा. पाढा म्हणणारा थांबत नाही, लिहिणारा बदलतो. आणि ८ वही मिटायला विसरला की बाकीची पोरं लगेच ओरडतात, "चांदणी, चांदणी!"