भूवैज्ञानिकाची नोंद

डोंगरदऱ्या पायी तुडवणे, खडकांचे नमुने घेणे, थरांचा उतार मोजणे आणि ते सारे नकाशावर नोंदवणे, हे भूवैज्ञानिकाचे नित्याचे काम होय. त्याचे फळ पुष्कळदा उशिरा मिळते. प्रमथनाथ बोस यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

लंडनला शिकून आलेले बोस १८८० साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. १८८७ मध्ये त्यांनी छत्तीसगडातील दल्ली-राजहरा टेकड्यांतील लोहखनिजाची नोंद केली. सेवेने कनिष्ठ असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यास संचालकपद मिळताच १९०३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे मयूरभंज संस्थानात गोरुमहिसानी येथे त्यांना विपुल लोहखनिज आढळले. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना पत्राने तसे कळवले.

त्या सुमारास टाटांचा चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याचा शोध निष्फळ ठरला होता. नागपूरच्या संग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशा पाहून दोराबजी टाटा दल्ली-राजहऱ्याकडे वळले. तेथे खनिज उत्तम होते. मात्र पुरेसा कोळसा व पाणी जवळ नव्हते. अखेर गोरुमहिसानीच्या आधारे जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये तेथे पोलाद तयार झाले.

दल्ली-राजहऱ्याची नोंदही वाया गेली नाही. १९५९ मध्ये सुरू झालेल्या भिलाईच्या भट्ट्यांना तेथूनच खनिज मिळू लागले. भूविज्ञानाकडे वळणाऱ्या तरुणांनी ही सत्तर वर्षांची वाटचाल अवश्य ध्यानी घ्यावी.