एका खाक्यातून दुसरे वस्त्र

आम्ही बँकेत आकडे मांडणारी माणसे. चुकलेला आकडा खोडून बाजूला सही करता येते. कापडावर कात्री चालली की ती सोय नाही. म्हणून नवशिकी मुलगी कापायला भिते. मात्र ज्या घरात अंगाला नेमका बसणाऱ्या ब्लाऊजचा कागदी खाका आहे, तेथे निम्मी भीती गेली असे समजावे. त्याच खाक्यावरून कमीज बेतता येते.

विनयपिटकाच्या महावग्गात एक हकिकत आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना भगवान बुद्धांनी मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहिली आणि तशी चीवरे करता येतील का, असे आनंदास विचारले. (गगनबावड्याकडची भातखाचरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र सांगावे लागणार नाही.) आनंदाने तुकडे जोडून बेत सिद्ध केला. भगवंतांनी त्याचे कौतुक केले आणि संघाटी, उत्तरासंग व अंतरवासक ही तिन्ही वस्त्रे त्याच पद्धतीने कापून शिवण्यास अनुज्ञा दिली. बेत एक, वस्त्रे तीन.

आता आपला खाका. मूळ खाक्याला कात्री लावू नये. खाकी कागदावर तो उतरून घ्यावा. ब्लाऊज पुढून उघडतो, कमीज डोक्यातून घालायची असते. तेव्हा पुढच्या भागाची हुकपट्टीची माया सोडून द्यावी व मधली रेघ कापडाच्या घडीवर ठेवावी. गळ्यातून डोके जाते का, हे टेपने आधीच पाहावे. ब्लाऊजला छातीचा चौथा भाग अधिक अर्धा इंच धरला असेल, तर कमीजला एक इंच धरावा, सीटलाही तसेच. खांद्यापासून कंबर मोजून तेथे खूण करावी, मग हवी ती उंची खाली वाढवावी. ब्लाऊजचा कमरेचा टक्स खालच्या कडेला उघडा राहतो. कमीजमध्ये तो कंबरेखाली चारेक इंचांवर निमुळता करून संपवावा. शिवणीची माया या सर्वांहून वेगळी.

मुंढा अर्धा इंच खाली घ्यावा. येथेच बहुतेक जणी फसतात. आमच्या घरी पहिल्या कमीजचा मुंढा वाढवला, बाही मात्र जुन्याच कागदावरून कापली. ती पुरेना. शेवटी काखेत कळी घालून निभावले. मुंढ्याची गोलाई टेपने मोजावी व बाहीची रुंदी त्या मानाने दोन्हीकडे वाढवावी.

एवढ्याशा कागदाचे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी ती महाडला जाळली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची जुनी तऱ्हा सोडण्यास, लुगडे घोट्यापर्यंत नेसण्यास सांगितले. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असावे, असेही सांगितले. अनेक बायांनी तेथेच नेसण बदलली. लुगडी तीच होती. आमच्या आज्यांच्या अंगावरची चोळी बहुधा दुसऱ्या कोणाच्या मापाची असे. स्वतःच्या मापाचा कागद त्यांच्यापैकी कोणाच्या पेटीत नव्हता.

नव्या खाक्यावर नाव, तारीख, छाती, कंबर, सीट व उंची पेनने लिहावी. घडी घातली की रेघा सरकतात. म्हणून कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्याने खिळ्याला टांगावा. वाढत्या मुलीचे माप सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे.