ऑर्किडच्या पानांतील बहुशर्करा आणि आतड्यांचे आरोग्य : फूलउत्पादकांनी काय लक्षात घ्यावे?

चीनच्या पारंपरिक वैद्यकात डेंड्रोबियम ऑफिसिनेल या ऑर्किडचे वाळविलेले खोड शतकानुशतके औषध म्हणून वापरले जाते. अतिरेकी तोडीमुळे ही वनस्पती निसर्गात दुर्मिळ झाली. आता ऊतीसंवर्धित रोपांपासून तिची मोठ्या प्रमाणावर लागवड होते. खोड काढल्यानंतर पाने बहुधा वाया जात. या पानांतील बहुशर्करांचा अभ्यास अलीकडे सुरू झाला आहे. कोकण व गोव्यात शेडनेटमध्ये नारळाच्या सोडणांवर डेंड्रोबियमचे फूलउत्पादन घेतले जात असल्याने, त्याच्या पानांनाही बाजार मिळेल का, असा प्रश्न उत्पादकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

बहुशर्करा कार्य कशी करतात?

औषधी डेंड्रोबियममधील प्रमुख बहुशर्करा मॅनोज व ग्लुकोज या शर्करांच्या साखळीने बनलेली असते. तिला ग्लुकोमॅनन म्हणतात. सुरणाच्या वंशातील कोंजाक या कंदातही याच प्रकारची बहुशर्करा विपुल असते. मानवी पाचकरसांना ही साखळी तोडता येत नाही. त्यामुळे ती लहान आतड्यातून जवळजवळ न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते. तेथील उपयुक्त जिवाणू तिचे किण्वन करतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखला मेदाम्ले तयार होतात. त्यांमुळे आतड्यातील आम्लता वाढून अनेक अपायकारक जिवाणूंना आळा बसतो. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे.

मात्र ऑर्किडविषयीचे बहुतेक निष्कर्ष उंदरांवरील व प्रयोगशाळेतील प्रयोगांतून आलेले आहेत. त्यांवरून माणसासाठी मात्रा ठरविणे किंवा रोग बरा होण्याचा दावा करणे योग्य नाही.

फुलांच्या पिकाची पाने का चालत नाहीत?

पहिले कारण जातीचे. शेडनेटमधील ‘सोनिया’सारखे डेंड्रोबियम संकर फुलांचा रंग व टिकाऊपणा यांसाठी निवडलेले असतात. वंश एक असला तरी घटक सारखे असतीलच असे नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ऑर्किडवर फुलकिडे, खवले कीड, पिठ्या ढेकूण व कोळी यांचा उपद्रव होतो. त्यांच्या नियंत्रणासाठी वापरलेली इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके रसाबरोबर पानांत पसरतात. पाने धुऊन हा अंश निघत नाही. फुले खाल्ली जात नसल्याने उत्पादक काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ पाळत नाहीत. खाद्यपदार्थांत मात्र, ज्या कीटकनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, तेथे सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकीच अवशेष मर्यादा लागू होते. पाने वाळविल्यावर पाणी उडून जाते आणि अवशेषांचे प्रमाण वजनाच्या तुलनेत वाढते. आतड्यांच्या आरोग्यासाठी घेतलेले चूर्णच अपायकारक ठरावे, हे कोणालाही परवडणारे नाही.

रानातील ऑर्किडला हात नको

सह्याद्रीतील अमरकंदासारखी ऑर्किडे कंदासाठी खणली की संपूर्ण झाडच नष्ट होते. सीतेच्या वेणीसारखी झाडावर वाढणारी ऑर्किडेही अत्यंत सावकाश वाढतात. संपूर्ण ऑर्किड कुळ ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते, त्यामुळे त्यांच्या परदेश व्यापारावर नियंत्रण आहे. पानांच्या मागणीची अफवा रानापर्यंत पोहोचू न देणे, ही विस्तार कार्यकर्त्यांची जबाबदारी आहे.

शिफारशी

१. फुलांसाठी वाढविलेल्या ऑर्किडची पाने काढा, चहा वा चूर्णासाठी विकू नयेत. कीडमुक्त पाने कंपोस्टमध्ये टाकावीत. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असलेली पाने नष्ट करावीत.

२. औषधी लागवडीचा विचार असल्यास जातीची शास्त्रीय ओळख, ऊतीसंवर्धित रोपांचा स्रोत, अवशेष तपासणी आणि खरेदीदाराचा लेखी करार या चार गोष्टी आधी निश्चित कराव्यात. अशा लागवडीत सापळे, स्वच्छता व जैविक नियंत्रण यांवरच भर द्यावा.

३. विद्राव्य तंतूंसाठी ऑर्किडची वाट पाहण्याची गरज नाही. इसबगोल, मेथीदाणे व भेंडी यांतही जलधारक बहुशर्करा असतात आणि त्यांचा आहारातील वापर जुना व परिचित आहे. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. दीर्घकाळ पोटाची तक्रार असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.